बर्फावर उंचीची किंमत किती? आइस हॉकीतला एक जुना हिशेब

जुलै २०२२. मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्ट म्हणजे साधारण अठरा वर्षांच्या मुलांची दरवर्षी होणारी निवड. लीगमधले ३२ संघ क्रमाने एकेका मुलाचं नाव पुकारतात आणि त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या संघाकडे जातो. त्या वर्षी पहिलं नाव घ्यायचा मान यजमान मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचाच होता. त्यांनी निवडला स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की, सव्वासहा फुटांहून उंच, रुंद खांद्यांचा आघाडीपटू. दुसऱ्या दिवशी, एकसष्ट मुलांची नावं घेऊन झाल्यावर, त्याच संघाने लेन हटसन नावाचा अमेरिकी बचावपटू घेतला. हटसनची उंची होती जेमतेम ५ फूट ८ इंच.

हटसनचा खेळ कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. अडचण उंचीची होती, आणि ती त्यालाही माहीत होती. ड्राफ्टआधी संघांच्या मुलाखतींना जाताना त्याने डॉक्टरांचं पत्र सोबत नेलं होतं. या मुलाच्या हाडांची वाढ अजून पुरी झालेली नाही, तो आणखी थोडा उंच होऊ शकतो, असा त्या पत्राचा आशय. अठरा वर्षांचा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जातो आणि आपल्या कामाच्या दाखल्यासोबत आपल्या हाडांचाही दाखला ठेवतो. हे वाचलं तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

२०२४-२५च्या मोसमात हटसनने ६६ गुण मिळवले. हॉकीत गोल आणि गोलला साहाय्य, दोन्हींचा एकेक गुण धरतात. त्याच्या ६६ पैकी ६० साहाय्याचे होते. वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून कॅल्डर ट्रॉफी त्याला मिळाली. दुसऱ्या क्रमांकाची मतं पडली कॅलगरीचा गोलरक्षक डस्टिन वुल्फ याला. वुल्फ सहा फुटांचा आहे, आणि आजच्या गोलरक्षकांत सहा फूट म्हणजे ठेंगणा. २०१९च्या ड्राफ्टमध्ये २१७ मुलं निवडली गेली, त्यात त्याचा क्रमांक होता २१४.

म्हणजे उंचीचं महत्त्व संपलं का? नाही. पण प्रश्न असा विचारला की उत्तर हमखास चुकतं, कारण या खेळात उंची दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोजली जाते. एकदा बर्फावर, जिथे तिचे खरे फायदेतोटे आहेत. आणि त्याआधी दारावर, जिथे कुणाला आत घ्यायचं ते ठरतं. बर्फावर उंचीची किंमत गेल्या वीस वर्षांत बरीच उतरली. दारावर ती तेवढी उतरलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटण्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागेल.

पक जमिनीवर असतो

रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. चारी बाजूंनी कमरेएवढ्या फळ्या, त्यांच्यावर काच. पक म्हणजे कडक रबराची चकती: व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. प्रत्येक संघाचे तीन आघाडीपटू, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, मग बाकावरचे ताजे खेळाडू आत येतात. मैदानी हॉकीत अंगाला अंग लावलं की फाउल होतो. इथे मात्र पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडकून बाजूला सारणं नियमात बसतं. त्याला बॉडी चेक म्हणतात. फळ्या आणि काच असल्यामुळे निसटायला जागा नसते; कोपऱ्यात पक गेला की दोघं-तिघं तिथेच भिडतात.

आता उंचीचा पहिला फायदा बघा. तो टकरीचा नाही, पल्ल्याचा आहे. समजा एका बचावपटूचा हात आणि स्टिक मिळून आठ फुटांपर्यंत पोचतात आणि दुसऱ्याचे नऊ फुटांपर्यंत. फरक एका फुटाचा दिसतो. पण तो आपल्याभोवती जे वर्तुळ राखू शकतो त्याचं क्षेत्रफळ पल्ल्याच्या वर्गाने वाढतं: चौसष्टाला एक्याऐंशी, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. समोरून पक घेऊन येणाऱ्याला त्या सगळ्या जागेला वळसा घालावा लागतो. पास द्यायच्या वाटा बुजतात. उंच बचावपटूने काही विशेष केलं नाही, नुसती स्टिक बर्फावर टेकवून मागे सरकत राहिला, तरी समोरच्याची अडचण होते. नियमांनीही याची दखल घेतली आहे. स्टिकची लांबी ६३ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, पण साडेसहा फूट किंवा त्याहून उंच खेळाडूला परवानगी काढून ६५ इंचांपर्यंतची स्टिक वापरता येते.

दुसरा फायदा तरफेचा. लांब हात, लांब स्टिक, त्यामुळे टोकाला जास्त वेग. ६ फूट ९ इंचांच्या झ्देनो हाराने २०१२च्या ऑल-स्टार स्पर्धेत मारलेला फटका ताशी १०८.८ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने गेला होता.

आणि तिसरा, वजनाचा. खरं तर टक्कर उंचीवर ठरत नाही, ती वस्तुमान आणि वेगावर ठरते. पण उंच सांगाड्यावर वजन चढवायला जागा असते. शंभर किलोचा माणूस गोलसमोर पाय रोवून उभा राहिला की त्याला हलवणं कठीण, आणि त्याच्यामागून गोलरक्षकाला पक दिसणंही कठीण.

एवढं सगळं खरं असलं तरी बास्केटबॉलची टोपली डोक्याच्या वर असते, व्हॉलीबॉलचं जाळंही वर असतं. पक मात्र जमिनीवर असतो. या खेळातलं बहुतेक काम पायाजवळ चालतं, आणि पायाजवळच्या कामाला उंची उलट महाग पडते. स्केटिंग गुडघे वाकवून, बसकं होऊन करायचं असतं. शरीराचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकं झुकून झपकन वळता येतं आणि धक्का बसल्यावर तोल सावरता येतो. लांब पायाला प्रत्येक ढांगेत जास्त अंतर मिळतं, पण थांबून पुन्हा सुटायचं, दिशा बदलायची, उलटं वळायचं, यात छोट्या शरीराला वेळ कमी लागतो. ठेंगणा खेळाडू धडकणाऱ्याच्या खांद्याखालून शिरतो. फळीला पाठ लावून पक राखताना त्याचा बसकेपणा कामाला येतो.

सिडनी क्रॉस्बीकडे बघितलं की हे चटकन कळतं. तो ५ फूट ११ इंचांचा, लीगच्या सरासरीपेक्षा कमी. पण त्याच्या मांड्या आणि कंबर इतकी भरभक्कम आहे की कोपऱ्यातून पक घेऊन निघालेल्या क्रॉस्बीला त्याच्यापेक्षा हातभर उंच माणसं अडवू शकत नाहीत. ताकद आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बोलताना आपण त्यांची गल्लत करतो.

किंमत ठरवतात ते नियम

लीग सुरू झाली १९१७ साली. त्या पहिल्या दशकांत ५ फूट ९-१० इंचांचा खेळाडू म्हणजे अगदी नेहमीचा. रॉय वर्टर्स नावाचा गोलरक्षक ५ फूट ३ इंचांचा होता. लीगच्या इतिहासात त्याच्याइतका ठेंगणा खेळाडू झाला नाही. १९२९ साली सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली, आणि ती मिळवणारा तो पहिला गोलरक्षक. पुढे मॉन्ट्रियलचा आन्री रिशार ५ फूट ७ इंचांचा. मोठा भाऊ मोरीस याला रॉकेट म्हणत, म्हणून हा खिशातलं रॉकेट. खेळाडू म्हणून त्याने अकरा वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाचा चषक, उचलला. तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

माणसं सगळ्याच क्षेत्रांत उंच होत गेली, तशी हॉकीतही झाली. पण हॉकीत उंचीला खरा भाव आला तो १९९०च्या दशकात, आणि त्याचं कारण शरीरापेक्षा पंचांच्या शिट्टीत होतं. त्या काळात बहुतेक संघ रिंकच्या मधल्या पट्ट्यात चार-पाच जणांची भिंत उभी करून येणाऱ्याला कोंडीत पकडायचे. कुणी निसटायला लागला तर स्टिकने त्याचा हात ओढायचा, जर्सी धरायची, वाटेत आडवं उभं राहायचं. नियमपुस्तकात हे सगळं निषिद्धच होतं, पण पंच बहुतेक वेळा सोडून द्यायचे. अशा खेळात संथ बचावपटूचं वागणं अगदी तर्काला धरून असतं: वेगवान खेळाडूच्या बरोबरीने धावायची गरजच नाही, त्याला धरून ठेवलं की झालं. धरून ठेवायला लांब हात आणि मोठं वजन लागतं. म्हणून संघ तशी माणसं गोळा करत राहिले. खेळाडूंचं सरासरी वजन २०००च्या दशकाच्या सुरुवातीला शिगेला पोचलं आणि गोल आटले. २००३-०४मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी पाचच्या आसपासच गोल होत होते.

पुढचा, २००४-०५चा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात पूर्ण बुडाला. खेळ परतला तो बदललेला. धरपकड, ओढाओढ, आडवं येणं याला आता खरोखर शिक्षा व्हायला लागली. दोन रेषा ओलांडून लांब पास देण्यावरची जुनी बंदी उठली. गोलरक्षकांचे पॅड लहान झाले. २००५-०६मध्ये गोलांची सरासरी सहाच्या पुढे गेली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. एका मोसमात कुणाची उंची घटली नव्हती, कुणाचं कौशल्य वाढलं नव्हतं. तीच माणसं होती. पण जो धिप्पाड, संथ बचावपटू २००४ साली संघाचा आधार होता, तो २००६ साली दर सामन्याला दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसायला लागला. उंचीला स्वतःची अशी ठरलेली किंमत नसते. पंच काय सोडून देतात त्यावर ती ठरते.

दोनच वर्षांत, २००७ साली, शिकागोने ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिलं नाव घेतलं पॅट्रिक केनचं: ५ फूट १० इंच, अंगाने किरकोळ. त्या संघाने पुढे २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन कप जिंकले.

इथे मार्टिन सां लुईचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्याची गोष्ट या मांडणीत सरळ बसत नाही. ५ फूट ८ इंचांचा हा मुलगा व्हर्माँट विद्यापीठात गुणांचा पाऊस पाडत होता, तरी एकाही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. कॅलगरीने करार केला आणि २००० साली सोडूनही दिलं. टँपा बेने त्याला उचललं. आणि २००३-०४मध्ये, म्हणजे गोल आटलेल्या, धरपकडीच्या त्याच शेवटच्या मोसमात, तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला, हार्ट ट्रॉफी घेऊन गेला आणि टँपाने कप जिंकला. नियम बदलायच्या आधी! २०१३ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, त्याने पुन्हा गुणांत पहिला क्रमांक मिळवला. त्याच्यासाठी नियमांनी वाट मोकळी केली नव्हती. त्याच्यासारखे आणखी किती जण त्या वर्षांत दारावरूनच परत गेले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

दारावरचा हिशेब

लेखातला सगळ्यात अवघड भाग आता येतो.

कुणी म्हणेल, सोपं आहे: लीगमधल्या सगळ्या खेळाडूंची उंची आणि त्यांचे गुण शेजारीशेजारी मांडा. उंच खेळाडू जास्त गुण मिळवत नसतील तर उंचीला महत्त्व नाही. ही पद्धत फसवी आहे, आणि का ते एका कल्पित उदाहरणाने कळेल.

समजा लीगमध्ये यायला शंभर गुण लागतात, आणि ते दोन गोष्टींची बेरीज करून मिळतात: खेळण्याचं कौशल्य आणि शरीर. उंच मुलाला शरीराचे चाळीस मिळाले, तर त्याला कौशल्याचे साठ पुरतात. ठेंगण्याला शरीराचे वीसच मिळाले, तर त्याला कौशल्याचे ऐंशी आणावे लागतात. सत्तर आणलेला ठेंगणा बाहेर राहतो; तो आपल्याला दिसतच नाही. आता फक्त आत आलेल्यांकडे बघा. त्यांच्यात ठेंगणे हटकून जास्त कुशल दिसतील. बघणारा म्हणेल, उंची कमी असली की कौशल्य येतं. तसं काही नसतं. दाराने चाळणी लावली आणि आपण फक्त चाळणीखालचं पीठ बघतोय.

त्यामुळे 'बघा, इतके ठेंगणे खेळाडू चमकतायत, म्हणजे उंचीचा भेदभाव संपला' हा युक्तिवाद उलटा आहे. ठेंगणे खेळाडू सरासरीने फारच चमकत असतील, तर दार त्यांच्यासाठी जास्त अरुंद असल्याची ती खूण असू शकते. आपल्याकडे म्हण आहे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. कौतुकानेच म्हणतात, पण त्यातला 'पण' मला नेहमी खुपतो. तो दोन अक्षरी शब्द सांगतो की लहान मूर्तीकडून आपली अपेक्षाच नव्हती.

मग खरी कसोटी कोणती? ड्राफ्टमध्ये एकाच क्रमांकाच्या आसपास निवडलेले उंच आणि ठेंगणे खेळाडू घ्यायचे आणि दहा वर्षांनी काय झालं ते बघायचं. निवड रास्त असेल तर दोघांची कामगिरी सरासरीने सारखी निघायला हवी. ठेंगणे सतत पुढे निघत असतील, तर त्यांना मुळात आणखी आधी घ्यायला हवं होतं, म्हणजेच दारावर उंचीला तिच्या लायकीपेक्षा जास्त भाव मिळाला.

हीच कसोटी जन्ममहिन्याला लावून झालेली आहे, आणि तिचा उंचीशी जवळचा संबंध आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली दाखवून दिलं की तिथल्या अव्वल कुमार संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं फार जास्त भरतात. कारण साधं आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्या वयात एक वर्ष म्हणजे कित्येक सेंटिमीटर आणि बरेच किलो. निवडणाऱ्याला तो 'चांगला' दिसतो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच चांगला होतो. पुढे २०१३ साली रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्राफ्ट झालेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा अभ्यास केला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांनी आपल्या ड्राफ्ट क्रमांकाच्या मानाने सरस कामगिरी केली होती. संघांनी त्यांना त्यांच्या लायकीपेक्षा उशिरा निवडलं होतं.

लवकर वयात आलेलं शरीर आणि चांगला खेळाडू यांत डोळा फसतो, अगदी आयुष्यभर हेच काम केलेल्या जाणकारांचाही. आणि हॉकीत या फसगतीला एक खास कारण आहे: टकरी. बारा-तेरा वर्षांच्या वयात काही मुलांना मिशी फुटलेली असते, काही अजून बाळसेदार असतात, आणि त्यांना एकमेकांवर सोडायचं. दुखापतींचा धोका बघून अमेरिकेत २०११ साली आणि कॅनडात २०१३ साली बॉडी चेकची सुरुवात पुढे ढकलून १३-१४ वर्षांच्या गटापासून केली गेली. निर्णय सुरक्षेसाठी होता. पण उशिरा वाढणाऱ्या मुलाला त्यामुळे पक हाताळायला शिकण्याची आणखी दोन वर्षं मिळाली.

नावं बघायची झाली तर भरपूर आहेत. थिओ फ्लूरी, ५ फूट ६ इंच, १९८७ साली १६६व्या क्रमांकावर. त्याने ४५५ गोल केले. जॉनी गॉड्रो, ५ फूट ९ इंच, २०११ साली १०४व्या क्रमांकावर. २०२१-२२मध्ये त्याने ११५ गुण मिळवले. २०२४च्या ऑगस्टमध्ये तो आणि त्याचा भाऊ सायकलवर असताना एका गाडीच्या धडकेत गेले, आणि त्या दिवशी लहान चणीच्या कितीतरी मुलांनी आपला आदर्श गमावला. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकणाऱ्या टँपाच्या संघात ब्रेडन पॉइंट ७९व्या क्रमांकावर निवडलेला, निकिता कुचेरोव्ह ५८व्या, आणि टायलर जॉन्सन व यानी गूर्द हे दोघे तर ड्राफ्टमध्ये निवडलेच गेले नव्हते. चौघेही सहा फुटांच्या आत. मात्र नुसत्या नावांनी काही सिद्ध होत नाही, हे आताच सांगितलेल्या चाळणीमुळे लक्षात ठेवायलाच हवं. आणि त्याच टँपाच्या बचावफळीचा कणा होता साडेसहा फुटांहून उंच व्हिक्टर हेडमन.

चाळणी उलट्या बाजूनेही चुकते. हारा स्लोव्हाकियात वाढत असताना त्याला सांगितलं जायचं की तू फार उंच आहेस, बास्केटबॉल खेळ. फार उंच मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी स्केटवर अवघडल्यासारखाच दिसतो. हातपाय त्याच्या ताब्यात यायचे असतात. १९९६ साली तो ५६व्या क्रमांकावर निवडला गेला. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या कुस्तीगीर वडिलांच्या शिस्तीत त्याने अंग कमावलं, २००९ साली सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवली, २०११ साली बॉस्टनचा कर्णधार म्हणून कप उचलला आणि १,६८० सामने खेळून निवृत्त झाला. सरासरीपासून दूर असलेलं कुठलंही शरीर दारावरच्या माणसाला गोंधळात टाकतं. फक्त उंच मुलाला थांबून बघण्याची तयारी जास्त असते.

बचावात काय, गोलमध्ये काय

आघाडीपटूंबद्दल फार वाद उरलेला नाही. ५ फूट ८-९ इंचांचा गोल करणारा आता नवलाचा राहिला नाही. बचावात मात्र बदल नवा आणि ठळक आहे. नॉरिस ट्रॉफी २०२१ साली ॲडम फॉक्सला मिळाली, २०२२ साली केल मकारला, २०२४ साली क्विन ह्यूजला, २०२५ साली पुन्हा मकारला. तिघेही सहा फुटांच्या आतले. पूर्वी बचावपटूचं काम होतं येणाऱ्याला अडवणं. आता पहिलं काम आहे पक ताब्यात घेऊन आपल्या भागातून स्वच्छ बाहेर काढणं. मागून अंगावर येणाऱ्याला एका वळणात चुकवणारा बचावपटू असेल तर धडक बसायची वेळच येत नाही, आणि पक आपल्याकडे असताना समोरच्याला गोल करता येत नाही.

गोलरक्षकांचं चित्र अगदी उलटं आहे. तिथे उंचीचं वजन वाढतच गेलं. आज सरासरी गोलरक्षक सव्वासहा फुटांच्या आसपास असतो. याचं मूळ बटरफ्लाय नावाच्या पद्धतीत आहे: गुडघ्यांवर बसायचं, नडग्या दोन्ही बाजूंना पसरायच्या, म्हणजे बर्फालगतची जागा पॅडनी बंद होते. ग्लेन हॉलने हिची सुरुवात केली आणि पॅट्रिक रॉयच्या यशानंतर ती सर्वत्र रुजली. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. गुडघ्यांवर बसल्यावर माणसाची किती उंची उरते ते करून बघा. ६ फूट ४ इंचांच्या माणसाचे खांदे, पॅड धरून, आडव्या दांड्याच्या जवळ पोचतात. ५ फूट ९ इंचांच्या माणसाच्या खांद्यांवर दोन्ही कोपऱ्यांत जागा मोकळी राहते, आणि आजचे फटके मारणारे तीच जागा हेरतात.

मग ५ फूट ११ इंचांचा यूसे सारोस नॅशव्हिलमध्ये इतकी वर्षं कसा टिकला? भूमितीनेच. तळहात डोळ्याजवळ आणला की समोरचं अख्खं दार झाकलं जातं, लांब धरला तर झाकलं जात नाही. ठेंगणा गोलरक्षक तेच करतो: गोलरेषेवर न थांबता पुढे सरकतो, मारणाऱ्याच्या नजरेतून गोल झाकतो. यात धोकाही आहे. पुढे गेलेला असताना पक आडवा पास झाला तर त्याला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून त्याचं स्केटिंग आणि खेळ आधी ओळखण्याची नजर, दोन्ही इतरांपेक्षा सरस लागतात. उंच गोलरक्षक चुकीच्या जागी असला तरी कधीकधी पक त्याच्या अंगावर आपटतो. ठेंगण्याला ती सवलत नाही. वुल्फने कॅलगरीत स्थिरावण्याआधी २०२२-२३मध्ये खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये गोलरक्षक असून सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळवला, तेव्हा कुठे दार उघडलं. इथे उंचीचा फायदा खरा आहे, पण म्हणून २१४वा क्रमांक रास्त ठरत नाही.

वसंतात बदलणारी हवा

एप्रिलमध्ये बाद फेरी सुरू होते. तेव्हा खेळ घट्ट होतो, मोकळी जागा कमी मिळते, फळ्यांजवळ आणि गोलसमोर झुंज वाढते. संघांचे व्यवस्थापक म्हणतात, तिथे आकार लागतो, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०२३ साली कप जिंकणाऱ्या वेगसच्या बचावफळीतले सहाही प्रमुख खेळाडू सहा फुटांच्या वर होते. गोलसमोरची जागा त्यांनी समोरच्याला लाभूच दिली नाही. पण २०२५च्या अंतिम फेरीत फ्लोरिडासारख्या दणकट संघाकडून सहा गोल कुणी केले? ५ फूट ९ इंचांच्या, सदतीस वर्षांच्या ब्रॅड मार्शंडने.

टकरींचं आणखी एक अंग आहे आणि ते गंभीर आहे. साडेसहा फुटांच्या माणसाचा खांदा ५ फूट ८ इंचांच्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत येतो. पूर्ण नियमात राहून धडक मारली तरी ती मेंदूला इजा करू शकते. २०१० साली डोक्यावरच्या धडकेविरुद्ध स्वतंत्र नियम आला आणि पुढच्याच वर्षी तो आणखी कडक झाला. धोका उंचांनाही चुकलेला नाही: ६ फूट ४ इंचांचा एरिक लिंड्रॉस १९९०च्या दशकातला सर्वांत भेदक शरीराचा खेळाडू होता, आणि डोक्याला बसलेल्या एकापाठोपाठ एक धक्क्यांनीच त्याची कारकीर्द आखूड केली.

लीगची सरासरी उंची मात्र अजून सहा फूट एक इंचाच्या आसपासच आहे. खेळ इतका वेगवान झाला तरी ती खाली आलेली नाही. याचं एक कारण दार. दुसरं कारण न्यायाने सांगायला हवं: आजची उंच माणसं पूर्वीसारखी जड राहिलेली नाहीत. साडेसहा फुटांचा टेज थॉम्पसन बफेलोकडून खेळताना पक असा हाताळतो की तीस वर्षांपूर्वी तसं काम छोट्या चणीच्या खेळाडूचं मानलं गेलं असतं. २०२२-२३मध्ये त्याने ४७ गोल केले. उलट, न्यूयॉर्क रेंजर्सचा मॅट रेम्पी हाराइतका उंच आहे आणि त्याच्या मारामारीची चर्चाही खूप होते, पण पहिल्या मोसमात त्याला एका सामन्यात सरासरी दहा मिनिटंही बर्फावर मिळाली नाहीत.

मॉन्ट्रियलच्या बाकामागे २०२२च्या फेब्रुवारीपासून प्रशिक्षक म्हणून उभा असतो मार्टिन सां लुई, ड्राफ्टमध्ये कुणालाच नको असलेला तो ५ फूट ८ इंचांचा मुलगा. २०२४-२५च्या मोसमात त्याने आघाडीच्या एकाच फळीत लावले होते स्लाफकोव्स्की, निक सुझुकी आणि स्वतःएवढ्याच उंचीचा कोल कॉफील्ड. स्लाफकोव्स्की कोपऱ्यात शिरतो, पाठीवर माणूस घेऊन पक मोकळा करतो. सुझुकी तो उचलतो. मागे, हल्ल्याच्या भागाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेवर, हटसन एका खांद्याने हूल देतो, समोरचा भलत्या बाजूला वळतो, आणि तोवर कॉफील्डची स्टिक वर गेलेली असते.